खडकाखालचे तपकिरी पेले : अनोळखी दगडी प्रवाळ कसे ओळखावे?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसन येथे राहतो. घरी खाऱ्या पाण्याची मध्यम आकाराची टाकी आहे. गेल्या वर्षी फ्लोरिडातील समुद्रात मुद्दाम वाढवलेले ‘लाइव्ह रॉक’ (ज्यांवर समुद्री जीव बसलेले असतात असे खडक) मागवून टाकीत रचले. आता त्यांपैकी एका खडकाच्या सावलीतल्या बाजूला तपकिरी रंगाचे, करंगळीच्या नखाएवढे दहा-बारा गोल जीव दिसू लागले आहेत. दिवसा ते आक्रसलेले असतात आणि मध्यभागी हिरवट झाक दिसते. रात्री पारदर्शक, पांढरे ठिपके असलेले तंतू बाहेर येतात. एका परिचितांच्या मते ही आयप्टेशियाची कीड आहे आणि खडक बाहेर काढून उकळत्या पाण्यात टाकावा. दुकानदार मात्र हे दगडी प्रवाळ असल्याचे सांगतो. सोबत फोटो पाठवत आहे. हे नक्की काय आहे? ठेवावे की काढावे?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : सर्वप्रथम एक कळकळीची विनंती. तो खडक उकळत्या पाण्यात टाकू नका; आणि केवळ याच खडकाबद्दल नव्हे, टाकीतल्या कोणत्याच खडकाबद्दल हा उपाय कधी करू नका. पॅलिथोआ आणि झोअँथस या मऊ जीवांच्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय तीव्र विष असते. ते उकळल्याने नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर घरभर पसरते. अमेरिका, ब्रिटन यांसह अनेक देशांत असे खडक उकळताना किंवा ब्रशने घासताना घरातील माणसांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. तुमच्या फोटोंत पॅलिथोआ दिसत नाही, पण एकाच खडकावर अनेक प्रकारचे जीव शेजारी शेजारी बसलेले असतात आणि सगळेच नजरेस पडतात असे नाही. खडक हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

आता ओळखीकडे वळू. तुमचे पहिले तीन फोटो निळ्या दिव्यांखाली काढलेले आहेत आणि त्यांवरून ओळख सांगता येत नाही. अनेक प्रवाळांच्या मांसल भागात अशी प्रथिने असतात की ती निळा प्रकाश शोषून हिरवा प्रकाश बाहेर टाकतात. त्यामुळे एकाच जातीच्या दोन वसाहती निळ्या दिव्याखाली निराळ्या दिसू शकतात आणि अगदी दूरच्या नात्याचे दोन जीव सारखे दिसू शकतात. तुम्ही म्हणता ती हिरवट झाक याच प्रकारची आहे. रंगावरून नाव ठरवण्याची सवय छंदात फार रुजली आहे, कारण दुकानांतली व्यापारी नावे रंगावरूनच पडतात. पण दगडी प्रवाळाची ओळख त्याच्या सांगाड्यात असते. हे एकदा मनावर घेतले की पुढचे पुष्कळ घोळ टळतात.

तुमचा चौथा फोटो साध्या पांढऱ्या प्रकाशात, प्रवाळजीव आक्रसलेले असताना काढलेला आहे, आणि आपल्या उपयोगाचा तोच आहे. प्रत्येक तपकिरी वर्तुळाभोवती उठावदार, टणक कडा दिसते, आणि त्या कडेपासून मध्याकडे जाणाऱ्या बारीक पडद्या पातळ मांसातूनही कळून येतात, आडव्या कापलेल्या संत्र्यातल्या फोडींच्या पडद्यांसारख्या. ही कडा म्हणजे चुन्याच्या पेल्याचा काठ, आणि प्रवाळजीव त्या पेल्यात बसलेला असतो. आयप्टेशिया हे समुद्रफुलाच्या जातीचे असल्यामुळे त्याला सांगाडाच नसतो. प्लास्टिकच्या काडीने हळूच स्पर्श केला तर ते खडकाच्या भेगेत गडप होते आणि जागेवर काहीच उरत नाही. दगडी प्रवाळ आक्रसला तरी पेला जागच्या जागी राहतो. तेव्हा तुमचा दुकानदार बरोबर आहे.

नाव ठरवताना पुढचा आधार खडकाच्या मूळ गावाचा. फ्लोरिडाने आपल्या हद्दीतील समुद्रातून नैसर्गिक लाइव्ह रॉक काढण्यास १९८९मध्ये बंदी घातली आणि त्यापलीकडच्या केंद्रीय हद्दीतील तोडही १९९७पासून पूर्ण थांबली. तेव्हापासून तिथे खाणीतला चुनखडीचा दगड भाड्याने घेतलेल्या समुद्रतळावर टाकून, त्यावर जीव बसू देऊन, काही काळाने तो विक्रीसाठी वर काढला जातो. म्हणजेच तुमच्या खडकावर आपणहून बसलेला दगडी प्रवाळ अटलांटिक आणि मेक्सिकोच्या आखातातलाच असणार. इंडोनेशिया किंवा ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या शेकडो जाती त्यामुळे विचारातून बाद होतात. दुकानातल्या प्रवाळाबाबत ही सोय नसते. तुमच्या नशिबाने ती आहे.

उरलेल्या उमेदवारांत चार नावे महत्त्वाची. ट्युबास्ट्रीया कॉक्सिनिया हे नारिंगी प्रवाळ मूळचे प्रशांत महासागराकडचे असून गेल्या शतकात कॅरिबियनमध्ये शिरून मेक्सिकोच्या आखातातील तेलविहिरींच्या खांबांपर्यंत पसरले आहे. त्याच्या शरीरात तपकिरी रंग देणारे शैवाल नसते, त्यामुळे ते तपकिरी होत नाही, आणि तुमचे ते नव्हे हे उघड आहे. क्लॅडोकोरा आर्बस्क्युला तपकिरी असते खरे, पण त्याच्या नळ्या जेमतेम ४ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि त्या फांद्यांप्रमाणे वर उठतात. तुमचे पेले बुटके आहेत आणि खडकाला चिकटून पसरले आहेत. राहिले अ‍ॅस्ट्रँजिया आणि फिलँजिया अमेरिकाना, आणि खरी अडचण इथेच आहे. दोन्ही सावलीत राहतात, दोन्हींचे पेले तळाशी पातळ थराने जोडलेले असतात, दोन्हींच्या पारदर्शक तंतूंवर पांढरे ठिपके असतात. हे ठिपके म्हणजे दंशपेशींचे पुंजके. त्यांच्यावरून या दोघांतला फरक कळत नाही.

फरक कळतो तो मापावरून आणि पडद्यांच्या काठावरून. अ‍ॅस्ट्रँजियाचा पेला बहुधा ५ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्याच्या पडद्यांचे काठ दातेरी असतात. फिलँजियाचा पेला साधारण १ सेंटीमीटरपर्यंत वाढतो, आणि त्यातल्या पहिल्या दोन फेऱ्यांच्या पडद्या बाकीच्यांपेक्षा उंच, जाड आणि गुळगुळीत काठाच्या असतात. दगडी प्रवाळात पडद्या सहाच्या पटीने वाढतात, आधी ६, मग आणखी ६, त्यानंतर १२, त्यानंतर २४. म्हणून उंच १२ पडद्या आणि त्यांच्या मधल्या बारीक पडद्या अशी रचना नजरेला वेगळी करता येते. तुमच्या चौथ्या फोटोत उजवीकडच्या मोठ्या पेल्यात अशा उंच पडद्या मला दिसतात. करंगळीच्या नखाएवढे माप त्याला जुळते. म्हणून माझे उत्तर असे : प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) जवळजवळ नक्की फिलँजिया, आणि त्या समुद्रातली नेहमी आढळणारी जाती पाहता फिलँजिया अमेरिकाना असण्याची शक्यता सर्वांत अधिक.

‘शक्यता’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. फोटोवरून जातीपर्यंतचे नाव छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांनी पडद्या मोजल्या का, एवढे त्यांना अवश्य विचारा. अभ्यासक नमुना ओळखतात तेव्हा मांस काढून टाकलेला, धुऊन वाळवलेला सांगाडा भिंगाखाली धरतात. त्यासाठी तुमचा जिवंत प्रवाळ मारावा, असे मी कधीही सांगणार नाही. नुसत्या नावापायी एवढी किंमत मोजण्याचे कारण नाही. पुढेमागे एखादा पेला आपोआप मेलाच, तर तो टाकीबाहेर, पातळ केलेल्या घरगुती ब्लीचमध्ये दिवसभर बुडवून, भरपूर पाण्याने धुऊन वाळवा आणि १० पट भिंगातून पाहा. तोवर चांगला फोटो हाच आपला पुरावा. पंप काही मिनिटे बंद करावा, निळे दिवे मालवून फक्त पांढरे ठेवावेत, कॅमेरा काचेला काटकोनात धरावा आणि पेल्याच्या शेजारी मिलिमीटरच्या खुणा असलेली प्लास्टिकची पट्टी उभी करावी. पट्टीशिवाय काढलेला फोटो कितीही देखणा असला तरी या दोन प्रजातींच्या बाबतीत निम्मा निरुपयोगी ठरतो. रात्रीचे निरीक्षण करायचे असेल तर विजेरीवर लाल कागद लावावा, म्हणजे प्रवाळजीव सहसा मिटत नाहीत.

ठेवावे की काढावे, याचे उत्तर सोपे आहे : ठेवा. आयप्टेशियासारखे ते टाकीभर पसरत नाही. त्याचा दंश शेजारी चिकटून बसलेल्या जीवालाच लागतो. म्हणून भोवती काही सेंटीमीटर मोकळी जागा असू द्या. खडक उलटा करून त्याला प्रखर उजेडात आणू नका. तंतू बाहेर आलेले असताना, रात्री, आठवड्यातून दोन-तीनदा बारीक केलेले मायसिस किंवा आर्टेमिया (कोळंबीसारखे छोटे खाद्यजीव) पिचकारीने अलगद जवळ सोडा. सांगाडा वाढायला कॅल्शियम लागते, तेव्हा ते लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) स्थिर राहील एवढे पाहा. आकड्यांतले चढउतार प्रवाळाला सोसत नाहीत. आणि पुढे कधी टाकी मोडायची वेळ आली, तर खडक किंवा पाणी जवळच्या खाडीत सोडू नका. परका जीव समुद्रात रुजला की काय होते, ते ट्युबास्ट्रीयाने दाखवून दिले आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याजोगी. अ‍ॅस्ट्रँजिया पॉक्युलाटा ही जाती थंड पाण्यातही तग धरते आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यासमोर बुडालेल्या जहाजांवरही वाढते. तिच्याच राइझँजिडी कुळातले छोटे प्रवाळ मुंबईत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर आहेत. सागरी किनारा रस्त्याच्या कामाच्या वेळी ते दुसरीकडे हलवावे लागले, तेव्हा अनेक मुंबईकरांना ते तिथे असल्याचे प्रथमच कळले.

प्रश्न : मालवणच्या किनाऱ्यावर मला मुठीएवढा पांढरा, जड दगड दिसला. त्यावर एकमेकांना लागून असलेली बहुकोनी घरे होती. त्याचे नाव काय असावे, आणि तो घरच्या मत्स्यालयात ठेवता येईल का? दगड सध्या तिथेच आहे. फोटो सोबत आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या फोटोत शेजारच्या दोन घरांमध्ये एकच सामाईक भिंत दिसते, म्हणून हा फॅविटीस किंवा गोनिअ‍ॅस्ट्रीया असावा, दोन्ही प्रजाती मालवणच्या समुद्रात आहेत. प्रत्येक घराला स्वतंत्र भिंत आणि मध्ये खाच असती, तर डिप्सॅस्ट्रीयाचा विचार केला असता. जुन्या पुस्तकांत तुम्हाला ते फॅविया या नावाखाली सापडेल. २०१२मधील संशोधनानंतर हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्या या जाती अटलांटिकमधल्या फॅवियापासून वेगळ्या काढल्या गेल्या. फॅविटीस आणि गोनिअ‍ॅस्ट्रीया यांतला निवाडा घराच्या मध्याभोवती पाहून होतो. तिथे पडद्यांच्या टोकांशी छोट्या उंचवट्यांचे ठळक कडे असेल आणि घरे लहान असतील, तर गोनिअ‍ॅस्ट्रीया. लाटांनी झिजलेल्या तुकड्यावर हे कडे बहुधा पुसले गेलेले असते आणि तुमच्या फोटोतही ते स्पष्ट नाही, तेव्हा दोन नावांवर थांबणे योग्य.

मत्स्यालयात मात्र तो ठेवता येणार नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१पासून सर्व दगडी प्रवाळांचा समावेश आहे आणि हे संरक्षण मेलेल्या तुकड्यालाही लागू होते. भारतातील दुकानात कोणी जिवंत दगडी प्रवाळ विकत असेल, तर त्यालाही हाच नियम आहे. तुम्ही दगड जागेवर राहू दिलात, हे फार चांगले केलेत. पुन्हा गेलात, तर पट्टी शेजारी ठेवून, कमीत कमी झिजलेल्या बाजूचा जवळून फोटो घ्या आणि कळवा. कडे दिसले, तर प्रजातीचे नाव सांगता येईल.