त्रिनिदादचा उत्तर किनारा : घाटात गाडी कशी चालवावी?

प्रश्न : भाचीकडे त्रिनिदादला जाणार आहोत. पोर्ट ऑफ स्पेनहून मराकस या समुद्रकिनाऱ्याकडे जाणारा किनारी रस्ता स्वतः गाडी चालवून करावा का? घाटात ऑटोमॅटिक गाडीची धास्ती वाटते. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : जरूर करा. तिथेही वाहतूक डावीकडूनच असते, त्यामुळे हात लगेच बसतो. टाकी शहरातच भरून घ्या. पोर्ट ऑफ स्पेनच्या पश्चिमेकडच्या शाग्वारामास भागातले किनारे अमेरिकी तळासाठी गेले, त्याची भरपाई म्हणून अमेरिकी सैन्याने १९४४ मध्ये हा रस्ता बांधून दिला.

खरी अडचण उताराची. गिअर 'डी'मध्ये (नेहमीच्या चालीत) ठेवून सतत ब्रेक दाबला की पॅड तापतात, जळका वास येतो आणि पकड सुटू लागते. म्हणून उतार लागण्याआधीच 'एल' किंवा '२' हा खालचा गिअर घ्या. इंजिनच गाडी आवरतं. ब्रेक थोडाच दाबायचा आणि सोडायचा. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या. जून ते डिसेंबर पावसाळा असतो, तेव्हा दरडींची माती रस्त्यावर येते, अंधाराआधी परता.

वाटेतल्या लूकआउटवर, म्हणजे देखावा पाहायच्या जागी, थांबाच. तिथे 'चाव' मिळतो : कैरी किंवा अननसाच्या फोडी, मीठ, लसूण, मिरची आणि शाडो बेनी, म्हणजे कोथिंबिरीच्याच वासाची, पण लांब, दातेरी पानं. मराकसला लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नका, ओढ जबर असते. लास क्वेव्हासचा किनारा शांत आहे, मात्र संध्याकाळी बारीक वाळूमाश्या चावतात. पुढे ब्लांशिसूझ गावाहून अरिमा शहराकडे जंगलातून रस्ता वळतो. तो फारच अरुंद, पहिल्या खेपेला टाळलेलाच बरा.