वजन उचलण्याआधी सलाईन

सोलापूर
रविवार, संध्याकाळ

प्रिय डॉक्टर,

एरवी तुला ‘अगं’ म्हणतो, पण आता करमाळ्याकडच्या ग्रामीण रुग्णालयात ड्युटी लावून घेतली आहेस, तेव्हा एवढा एकदा मान.

परवा फोनवर विचारलंस, गळीत हंगाम सुरू झालाय, उसाची ट्रॉली उलटून कोणी खाली सापडला तर काय करायचं? इथं डायलिसिस नाही, सोलापूर अडीच-तीन तासांवर. तेव्हा ओपीडीच्या गडबडीत मी काहीतरी अर्धवट बोललो. याला क्रश सिंड्रोम म्हणतात, म्हणजे दाबल्या गेलेल्या स्नायूमुळे मूत्रपिंड आणि हृदय बिघडणं. आता नीट लिहितो.

आधी माझी चूक ऐक. तुझ्याएवढाच होतो. ऊसतोडीला बीडकडून आलेला एक तरणा पोरगा, दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरखाली मांडीपासून अडकलेला. कारखान्यावरून क्रेन यायला पहाट झाली, म्हणजे सहा तास गेले. माझ्यापुढे आणला तेव्हा शुद्धीवर होता, बोलत होता, चहा मागत होता. बीपी बरं. एक्स-रेत हाड शाबूत. पायाला दोन-चार खरचटे. मी सुटकेचा श्वास टाकला. दुखतंय म्हणून डायक्लो दिलं, जखमेत माती होती म्हणून जेंटामायसिन हे अँटिबायोटिक दिलं आणि आरएलची (रिंगर लॅक्टेट सलाईनची) एक बाटली रात्रभर थेंब थेंब चालू ठेवली. सकाळी सिस्टरनी युरोबॅग (लघवीची पिशवी) उचलून दाखवली. तळाला कोऱ्या चहासारखं काहीतरी, अर्धी वाटीसुद्धा नाही. संध्याकाळपासून तेही बंद. तिसऱ्या दिवशी पहाटे पुण्याला नेताना इंदापूरच्या अलीकडे त्याचं हृदय थांबलं. बायको एवढंच म्हणत राहिली, “लागलं तर कायबी नव्हतं ना, साहेब.”

तिचं बरोबर होतं. वरवर बघता इजा अशी झालीच नव्हती. आणि मी दिलेलं प्रत्येक औषध त्याच्या मूत्रपिंडावर उठलं होतं. (आरएलमध्ये पोटॅशियम असतं, हे मला पाठ होतं. पाठ असणं आणि वेळेला आठवणं यात किती अंतर असतं ते तू शिकशीलच.)

आत काय होतं ते डोळ्यापुढे आण. स्नायू तासन्‌तास दाबला गेला की त्याच्या पेशींची आवरणं फुटतात. शरीरातलं बहुतेक पोटॅशियम स्नायूंमध्ये साठवलेलं असतं, आणि मायोग्लोबिन नावाचं लालसर प्रथिनही. वजन आहे तोवर हा सगळा माल पायातच अडकून असतो. वजन उचललं की धरणाचं दार उघडल्यासारखा तो रक्तात सुटतो. पोटॅशियम हृदयाकडे जातं, मायोग्लोबिन मूत्रपिंडाकडे. त्याच वेळी उलट दिशेनं रक्तातलं पाणी त्या सुजणाऱ्या पायात शिरतं. एकट्या मांडीत कित्येक लिटर मुरतं, बाहेर रक्ताचा एक थेंबही न सांडता. मग मूत्रपिंडाला रक्त कमी पडतं, लघवी घट्ट आणि आम्लधर्मी होते, आणि मायोग्लोबिन त्या बारीक नळ्यांत साकळून बसतं. उजनीच्या चारीला पाणी कमी सोडलं की गाळ कसा बसतो, तू लहानपणापासून बघितलं आहेस. मोठ्या पाण्यात तोच गाळ वाहून जातो.

म्हणून पाणी आधी, सुटका नंतर. जागेवर जायला मिळालं तर ट्रॉली हलवण्याआधी जो हात सापडेल त्यात जाड कॅन्युला (शिरेतली नळी) टाक आणि एनएस (साधं मिठाचं सलाईन) सुरू कर. मोठ्या माणसाला तासाला साधारण एक लिटर, लहान मुलाला किलोमागे तासाला १५ ते २० मिली. लोक ओरडतील, “मॅडम, आधी बाहेर काढू द्या!” सुटकेचं काम अजिबात थांबवायचं नाही, पण क्रेन येईपर्यंत तुझी बाटली चालू झालेली असली पाहिजे. बाहेर काढल्यावर दोनेक तासांनी वेग निम्म्यावर आण आणि पुढचा हिशेब लघवीवर ठेव. म्हातारा किंवा हृदयाचा पेशंट असेल तर छातीवर स्टेथो ठेवत ठेवत दे. इथला उन्हाळा असेल तर माणूस आधीच कोरडा पडलेला असतो, तेही धर.

चार तास अडकलेला म्हणजे धोका, त्याच्या आत नाही, असं मानू नकोस. मांडीसारखा मोठा स्नायू असेल तर तासाभरातही होतं. आणि ट्रॉलीच लागते असंही नाही. दारू पिऊन रात्रभर स्वतःच्याच हातावर पडून राहिलेला माणूस सकाळी हेच घेऊन येतो.

कॅथेटर लगेच घाल. पहिली लघवी काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात बघ. स्ट्रिपवर रक्त पॉझिटिव्ह आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी नाहीत, तर ते मायोग्लोबिन. मोठ्या माणसाची लघवी तासाला २०० ते ३०० मिली हवी. सीपीके (स्नायू फुटला की रक्तात वाढणारं एन्झाइम) पाच हजारांच्या वर गेलं तर मूत्रपिंड धोक्यात आहे समज, पण तो रिपोर्ट सोलापूरहून येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नकोस.

पोटॅशियमचंही तसंच, लॅबची वाट बघायची नाही, ईसीजी काढायचा. टी लाटा उंच आणि टोकदार दिसल्या किंवा क्यूआरएस (ठोक्याची मुख्य लाट) रुंद व्हायला लागलं की १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली हळूहळू. त्यानं पोटॅशियम उतरत नाही, हृदयाला फक्त थोडी सवड मिळते. त्या सवडीत ग्लुकोजबरोबर १० युनिट इन्सुलिन आणि सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन. मात्र रिपोर्टमध्ये कॅल्शियम नुसतं कमी दिसलं म्हणून भरायला जाऊ नकोस. ते स्नायूत जाऊन बसलेलं असतं, बरं होताना परत येतं आणि मग जास्तीचा त्रास होतो.

लघवी कमी झाली की लॅसिक्सच्या (लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या) ॲम्प्युलकडे हात जाईल. सगळ्यांचाच जातो. कोरड्या विहिरीवर मोटर लावून काय येणार? आधी विहीर भर. पण भरूनही लघवीचा थेंब नसेल तर हट्टानं बाटल्या लावत राहू नकोस, ते पाणी फुप्फुसात जाईल. तिथं तुझं काम संपलं, डायलिसिसचं सुरू झालं. गाडी बोलाव. बायकार्ब (लघवीतलं आम्ल कमी करणारं) आणि मॅनिटॉल (लघवी वाढवणारं) यांच्यावर पुस्तकं बरीच पानं खर्च करतात. माझं मत, तुझ्या ठिकाणी एनएस नीट गेलं तर त्या दोघांची फारशी उणीव भासत नाही. दुखण्याला पॅरासिटामॉल किंवा ट्रामाडॉल दे, डायक्लोचा बॉक्स मात्र त्या ट्रेवरून उचलूनच ठेव.

पाय दगडासारखा कडक, बोट ताणलं की पेशंट किंचाळतो, असं दिसलं तर सुजेनं आतला दाब वाढतोय समज आणि सर्जनला फोन कर. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नकोस, ती शेवटपर्यंत लागते.

हे ज्ञान फार जुनं नाही. १९४१ मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा बायवॉटर्स आणि बील या दोघांनी ढिगाऱ्यातून निघालेले चार पेशंट लिहून ठेवले. सुरुवातीला बरे वाटलेले, मग लघवी बंद. त्यांच्या हाताशी डायलिसिस नव्हतं. कोल्फचं डायलिसिस यंत्र १९४३ चं. मी किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी, ३० सप्टेंबर १९९३ ला, इंटर्न होतो. माळवदाची घरं, जाड दगड-मातीच्या भिंती, पहाटे चारच्या सुमाराला झोपेतल्या माणसांवर आलेल्या. त्या दिवसांत आम्ही जखमा शिवत होतो, हाडं बघत होतो. लघवी मोजायचं कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हालाही सुचलं नव्हतं. पुढे २००३ मध्ये तुर्कस्तानातल्या बिंगोलच्या भूकंपात अशा १६ जणांना लवकर आणि भरपूर सलाईन दिलं गेलं, डायलिसिस फक्त चौघांना लागलं, आणि त्या चौघांचं सलाईन बाकीच्यांपेक्षा उशिरा सुरू झालं होतं. हे वाचलं त्या रात्री मला इंदापूरचा रस्ता आठवत होता.

नातेवाइकांशी बोलावं लागेल. पहिली गोष्ट, शहाळं, केळी, मोसंबीचा रस बंद. आपल्याकडे पेशंट म्हटला की शहाळं येतंच, आणि ते सगळं पोटॅशियम. रागवू नकोस, ते मायेनं आणतात. पाय चोळायला कुणी तेलाची वाटी घेऊन बसलं तर तेही थांबव. दुसरी, डायलिसिस म्हटलं की “आता जन्मभर?” असं विचारतात. तर सांग, यात जगला तर बहुतेकांची मूत्रपिंडं काही आठवड्यांत पुन्हा चालू लागतात. परत येताना लघवी बादलीभर होते, तेव्हा मात्र पाणी आणि क्षार भरून काढावे लागतात, उत्साहात डिस्चार्ज देऊन टाकायचा नाही.

१०८ मध्ये चढवताना कागदावर चार गोष्टी लिही: किती वाजता अडकला, किती वाजता सुटला, किती लिटर गेलं, किती लघवी आली. इकडे उतरवून घेणाऱ्याला यातलं एकही पेशंट सांगू शकत नाही.

तुझ्या स्टोअरमध्ये एनएसच्या किती बाटल्या आहेत ते विचार. आणि ईसीजी मशीनमध्ये कागद आहे का, तेवढं उद्या सकाळी ओपीडीच्या आधी बघ.

तुझा,
सर