तीन क्लाउड, एक पॅकर फाइल: गाडी शेवटच्या दहा ओळींत अडते

प्रश्न थोडक्यात असा: एडब्ल्यूएस, अझ्युर आणि गूगल क्लाउड, तिन्हीकडे उबुंटू लिनक्सच्या मशीन आहेत. दर महिन्याला पॅच आले की कुणीतरी तिन्ही कन्सोल उघडून हातानं इमेज (नव्या मशीन जिच्यावरून उठवतात ती तयार डिस्कची प्रत) बनवतं, आणि वर्षभरात तिन्ही इमेजची तोंडं तीन दिशांना गेली आहेत. हे सगळं एका फाइलवरून होईल का?

होईल. पॅकर वापरा, हे हाशिकॉर्प कंपनीचं इमेज बनवणारं साधन आहे. एडब्ल्यूएस आणि अझ्युर दोघांचीही इमेज बिल्डर नावाची स्वतःची सेवा आहे, पण ती ज्याच्या त्याच्या अंगणापुरती. गंमत म्हणजे अझ्युरवाल्या सेवेच्या पोटात पॅकरच आहे. २०२३ मध्ये हाशिकॉर्पनं लायसन्स बदललं तेव्हा बरीच ओरड झाली होती. आपल्याच कंपनीसाठी इमेज बनवणाऱ्याचं त्यानं काही अडत नाही.

पॅकर करतं काय, तर तात्पुरती मशीन उभी करतं, एसएसएचनं (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी) आत शिरतं, तुमची स्क्रिप्ट किंवा अ‍ॅन्सिबल (मशीनची मांडणी आपोआप करणारं साधन) चालवतं, डिस्कची इमेज घेतं आणि मागचा पसारा आवरतं. फाइलमध्ये तीन सोर्स (प्रत्येक क्लाउडवर मशीन कशी उभी करायची ते) आणि एक बिल्ड (तिच्यावर काय करायचं ते) लिहिलं की तिन्ही कामं एकाच वेळी सुरू होतात. जुन्या लेखांतली जेसन टेम्प्लेट उचलू नका, एचसीएल या हाशिकॉर्पच्या भाषेतच लिहा.

मात्र तिन्हीकडे हुबेहूब एकच इमेज मिळेल ही आशा सोडा. स्वयंपाक एक, चुली तीन. पॅकेज, युजर, हार्डनिंग (सुरक्षा घट्ट करणं) हा भाग सामाईक ठेवा. डिस्कची नावं (एडब्ल्यूएसच्या नव्या मशीनवर एनव्हीएमई, दुसरीकडे बऱ्याचदा एसडीए), एजंट (क्लाउडचा मशीनमधला मदतनीस प्रोग्रॅम) आणि शेवटची साफसफाई प्रत्येकाची वेगळी लिहा. प्रोव्हिजनरमध्ये (बिल्डमधली एक पायरी, जसं स्क्रिप्ट चालवणं) 'ओन्ली' लिहून तो ठरावीक सोर्सपुरता चालवता येतो.

पहिली ठेच बहुतेकांना एकाच जागी लागते. बिल्ड कधी चालतं, कधी 'डीपीकेजी लॉक मिळालं नाही' म्हणून पडतं (डीपीकेजी म्हणजे उबुंटूचं पॅकेज बसवणारं साधन, ते एका वेळी एकालाच वापरता येतं). मशीन नुकतीच उठलेली असते, क्लाउड-इनिटचं (मशीन पहिल्यांदा सुरू होताना तिची मांडणी करणारा प्रोग्रॅम) काम आत चालूच असतं आणि तेवढ्यात पॅकेज बसवायला तुमची स्क्रिप्ट ॲप्ट चालवते. लोक तिथे तीस सेकंदांचा स्लीप घालतात. तसं करू नका. क्लाउड-इनिटच्या स्टेटस कमांडला 'वेट' पर्याय आहे, तीच स्क्रिप्टची पहिली ओळ करा. उबुंटू २२.०४ वर एसएसएचच जुळत नसेल तर पॅकरच्या तात्पुरत्या एसएसएच कीचा प्रकार आरएसएऐवजी ईडी२५५१९ करून बघा. तिथलं ओपनएसएसएच आरएसएच्या जुन्या शा-१ सह्या स्वीकारत नाही.

आता शेवटच्या दहा ओळी. इमेज घेण्याआधी मशीनची ओळख पुसावी लागते: एसएसएचच्या होस्ट की, क्लाउड-इनिटची जुनी स्थिती, लॉग, शेल हिस्टरी, आणि मशीन-आयडी (मशीनचा स्वतःचा ओळखक्रमांक असलेली फाइल). ही शेवटची फाइल काढून टाकू नका, रिकामी करून ठेवा. मी एकदा ती तशीच सोडली होती. आमचा लॉग एजंट मशीन ओळखायला तोच आयडी वापरायचा, त्यामुळे डझनभर सर्व्हर डॅशबोर्डवर एकच दिसायला लागले. दोन दिवस आम्ही नेटवर्कला शिव्या घालत होतो.

अझ्युरवर याशिवाय डब्ल्यूए-एजंटचं (अझ्युरचा मशीनमधला एजंट) 'डीप्रोव्हिजन+युजर' (ओळख आणि युजर पुसणारी कमांड) चालवावं लागतं, आणि ते अगदी शेवटी. पॅकर ज्या युजरनं आत आलेलं असतं, तोच युजर ते पुसून टाकतं. त्यानंतर एखादा प्रोव्हिजनर ठेवलात तर आत जायला दारच उरत नाही.

पासवर्ड, टोकन इमेजमध्ये जाऊ देऊ नका. 'नंतर डिलीट करतो' हे चालत नाही, कारण पुसलेल्या फाइलचे ब्लॉक स्नॅपशॉटमध्ये (डिस्कची टिपलेली प्रत) उरू शकतात. मशीन सुरू होताना ते सीक्रेट स्टोअरमधून घ्या.

वाटपाची तऱ्हा तिघांची तीन. एएमआय (एडब्ल्यूएसची इमेज) एका रीजनपुरती (क्लाउडचा भौगोलिक विभाग) असते. मुंबईत बनवलेली हैदराबादला हवी तर कॉपी करावी लागते आणि कॉपीचा आयडी निराळा असतो. म्हणून टेराफॉर्ममध्ये (कोडमधून मशीन उभ्या करायचं साधन) आयडी कोरून ठेवू नका, एडब्ल्यूएसच्या पॅरामीटर स्टोअरमध्ये लिहा आणि तिथून वाचा. दुसऱ्या अकाउंटला द्यायची असेल तर एन्क्रिप्शनला स्वतःची केएमएस (एडब्ल्यूएसची की सांभाळणारी सेवा) की वापरा, एडब्ल्यूएसच्या डिफॉल्ट कीनं एन्क्रिप्ट केलेली एएमआय शेअर होत नाही. अझ्युरच्या गॅलरीत (इमेज ठेवायची जागा) प्रत्येक आवृत्ती कुठल्या रीजनमध्ये हवी ते सांगावं लागतं (त्यांचं सेंट्रल इंडिया म्हणजे आपलं पुणं). यात मला गूगलची पद्धत सगळ्यांत आवडते. इमेज ग्लोबल असते, आणि इमेज फॅमिलीचं (एकाच प्रकारच्या इमेजचा गट) नाव दिलं की सगळ्यांत नवी मिळते. नवी बिघडली तर तिला डेप्रिकेटेड (बाद) ठरवा, फॅमिली आपोआप आधीच्या इमेजवर येते.

जुन्या इमेज काढायची स्क्रिप्ट पहिल्याच दिवशी लिहा. एएमआय डीरजिस्टर केली तरी तिच्यामागचे स्नॅपशॉट, मुद्दाम सांगितल्याशिवाय, जात नाहीत आणि बिल चालूच राहतं. मात्र चालू मशीन किंवा ऑटोस्केलिंग (गरजेप्रमाणे मशीन आपोआप कमी-जास्त करणं) जी इमेज वापरत आहे तिला हात लागणार नाही, हे आधी तपासा.

सुरुवात एकाच क्लाउडवर करा. तयार झालेल्या इमेजवरून दोन मशीन उठवा, दोन्हींचे मशीन-आयडी ताडून बघा, मगच दुसरा सोर्स जोडा. कुठे अडलात तर पॅकर लॉग चालू करून पूर्ण आउटपुट इथे टाका, फक्त शेवटची ओळ नको. आणि टाकण्याआधी त्यातल्या की झाका.