गूढ शब्दकोड्याचं उत्तर येतं, पण ते का बरोबर हे सांगता येत नाही. काय करावं?

तुमची अडचण अशी दिसते: इंग्रजी पेपरातलं क्रिप्टिक कोडं सोडवायला घेता, दोन-चार उत्तरं अंदाजाने बसतात, उरलेली दुसऱ्या दिवशी छापून येतात आणि ती बघूनही डोक्यात प्रकाश पडत नाही. मराठीत सराव केला तर उपयोग होईल का, असंही तुम्ही विचारलंय.

होईल. मी तर म्हणेन सुरुवातच मराठीतून करा. मी सोलापुरात एका सूत व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. दुकान बंद झालं की आम्ही तिघं-चौघं चहाच्या गाड्यावर थांबतो आणि एकमेकांना सूत्रं घालतो, म्हणजे उत्तर ओळखायला दिलेली कोड्याची वाक्यं. खालची सूत्रं तिथलीच आहेत, त्यामुळे त्यांना सुताचा नि चहाचा वास येणार. कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली अक्षरं.

"विणकर ज्यावर बसतो, पोलीस तोच काढतात (२)."

उत्तर माग. विणकर मागावर बसतो आणि पोलीस चोराचा माग काढतात. साध्या शब्दकोड्यात 'कापड विणण्याचं साधन' एवढंच विचारलं असतं. गूढ कोड्यात तेच उत्तर दोनदा विचारलेलं असतं. इथे दोन्ही वेळा अर्थानेच विचारलंय, म्हणून सोपं. बहुतेक सूत्रांत एकदा अर्थ असतो आणि एकदा अक्षरांचा खेळ. अंदाजाने आलेलं उत्तर पडताळता येतं ते यामुळेच.

आता हे घ्या: "घाणीत हा शिरला आणि राजवाडा झाला (३)."

वाचल्याबरोबर डोळ्यांपुढे चिखलाने बरबटलेला कोणीतरी येतो आणि त्याचं नशीब उघडल्याची गोष्ट सुरू होते. ती गोष्ट सोडून द्या, ती तुम्हाला भुलवायलाच रचलेली आहे. 'हा' कोणी माणूस नाही, नुसतं अक्षर आहे. घाण म्हणजे मल. म आणि ल यांच्या मधे हा शिरला की महाल. 'राजवाडा' ही व्याख्या. व्याख्या जवळजवळ नेहमी सूत्राच्या एका टोकाला सापडते, मधे क्वचितच. म्हणून आधी दोन्ही टोकं चाचपायची, कुठल्या टोकाला सरळ अर्थ दडलाय ते ठरवायचं, आणि मग उरलेल्या शब्दांकडे संशयाने बघायचं.

या सूत्रातला 'घाणीत' मधला 'त' बघितलात? आत शिरण्याची सूचना तोच देतोय. इंग्रजीत या कामाला वेगळा शब्द लागतो, आपल्याकडे विभक्तीचा प्रत्यय ते काम गुपचूप करतो. उलटी बाजूही आहे. प्रत्यय लागला की शब्द सामान्यरूपात जातो: भाऊचा भावा होतो, सूतचं सुता होतं. सूत्रात 'भावाला' असेल तर डोक्यात आधी 'भाऊ' करून घ्यावं लागतं, मगच अक्षरं मोजायची. नवा माणूस हमखास अडकतो तो इथेच.

आमच्यात एक मित्र सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरातला आहे, मराठी बाहेर शिकलेला. सगळ्यांत आधी उत्तर त्याचं येतं. तो म्हणतो, तुम्हाला वाक्य दिसतं, मला अक्षरं दिसतात. मला ते पटतं. भाषा अंगात मुरलेली असली की अर्थ आपल्याला थांबूच देत नाही.

सूत्र न्याय्य कधी आणि लबाड कधी, यावर इंग्रजांनी बराच खल केलाय. 'ऑब्झर्व्हर' या ब्रिटिश वृत्तपत्रात टोर्केमादा या नावाने एडवर्ड पॉविस मॅदर्स महाअवघड कोडी घालत. त्यांच्यानंतर लॅटिन-ग्रीक शिकवणारे डेरिक मॅकनट झिमेनीझ या नावाने आले आणि त्यांनी या खेळाला शिस्त लावली. तिसरे अझेड, ते १९७२ मध्ये आले. ही सगळी नावं स्पेनमधल्या धर्मन्यायालयाच्या छळाधिकाऱ्यांवरून घेतलेली आहेत, सोडवणाऱ्यांचे काय हाल होत असतील ते त्यावरून ओळखा. अझेड हे डेझा नावाच्या अधिकाऱ्याचं उलटं. रोमन लिपीत हं. आपल्या लिपीत डेझा उलटं केलं तर झाडे होतं. तर या अझेड यांनी चांगल्या सूत्राचं गणित तीन कलमांत सांगितलंय: अचूक व्याख्या, न्याय्य अक्षरखेळ, आणि तिसरं काहीही नाही. माझ्या मते शेवटचं कलम सगळ्यांत महत्त्वाचं.

'अचूक' म्हणजे काय, यावरून गाड्यावर एकदा चांगलीच जुंपली होती. एकाने सूत्र घातलं: "गावाकडच्या चहाचा भाव? अंगावर घ्या! (३)" गावाकडे चहाला चा म्हणतात, भाव म्हणजे दर, झाली चादर. सगळ्यांनी सोडवलं, सगळे हसले. आमच्यातल्या निवृत्त शिक्षिका मात्र म्हणाल्या, हे चालायचं नाही. 'अंगावर घ्या' ही आज्ञा झाली आणि चादर हे नाम. व्याख्येच्या जागी उत्तर ठेवून वाक्य चालतं का बघा, नाही चालत. भांडून झाल्यावर ठरलं: "पांघरूण म्हणजे गावाकडच्या चहाचा भाव (३)." थोडी गंमत गेली. मला अजून पहिलंच आवडतं, पण बाईंचं म्हणणं खोडता येत नाही.

अक्षरांची उलथापालथ हा प्रकार इंग्रजीत सर्वांत जास्त येतो, आणि मराठीत तो पूर्ण वेगळा चालतो. तिकडे एका चौकोनात एक सुटं लिपिचिन्ह बसतं, आपल्याकडे काना-मात्रेसकट, जोडाक्षरासकट अख्खं अक्षर. हलवायचं तर अख्खं अक्षरच हलवायचं. "नवस मोडला, उरलं वस्त्र (३)": नवस मोडून अक्षरं इकडची तिकडे केली की वसन, म्हणजे वस्त्र. न, व, स तिन्ही जशीच्या तशी, फक्त जागा बदलल्या. आता मोह बघा. नवरा बिथरला की वानर! सूत्र किती छान झालं असतं. पण नवरा म्हणजे न, व, रा आणि वानर म्हणजे वा, न, र. काना एका अक्षरावरून दुसऱ्यावर गेला, सूत्र बाद. बरं, नवरा उलटा वाचला तर? रावन. लंकेचा मालक हवा असेल तर ण लागतो. गाड्यावरच्या बायकांचं मत असं की व्याकरणाने नवऱ्यांना उगाच वाचवलंय.

उलटसुलटचं एक मात्र आमच्या गावाला फुकट मिळालंय: "उलट करा, सुलट करा, सोलापूरची भाकरी अशीच (३)." कडक. दोन्हीकडून सारखंच.

बाकीचे प्रकार पटकन सांगतो. लपलेला शब्द: "एक मळका, पण पोटात फूल (३)." 'एक मळका' सलग वाचा, मधे कमळ आहे. हा प्रकार नवशिक्यांसाठी उत्तम, कारण उत्तर समोर छापलेलं असतं. उच्चाराचा खेळ मराठीत फारसा जमत नाही, आपण बोलतो तसंच बरंचसं लिहितो ना. ऱ्हस्व-दीर्घाच्या फटीतून थोडं साधतं: "गिरणीत कातलं जातं, ऐकायला मुलगाच (२)." सूत आणि सुत.

हे सगळं विलायती खूळ आहे असं कोणी म्हणालं तर त्याला कूटश्लोक, म्हणजे अर्थ दडवून रचलेला संस्कृत श्लोक, ऐकवा. 'केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः'. कृष्ण पडलेला पाहून द्रोणाचार्यांना आनंद झाला? छे. के शवं, पाण्यात प्रेत. द्रोण म्हणजे डोमकावळा. कावळ्याला आनंद झाला. शब्द कुठे तोडायचा हाच सगळा डाव, आणि आपल्या लोकांना तो फार आधीपासून ठाऊक होता. फरक एवढाच की श्लोकात व्याख्या नसते, त्यामुळे चौकटीत भरायला उत्तरही नसतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, फोडून सांगायचं कसं. मी सूत्र कागदावर उतरवून घेतो. व्याख्येखाली रेघ मारतो. मग एकेक शब्द घेऊन त्याच्यासमोर तो उत्तरात काय देतो ते लिहितो: कोणी अक्षरं देतो, कोणी अक्षरांचं काय करायचं ते सांगतो, कोणी नुसता जोडायला आलाय. रोजमेळ लिहिताना जसा प्रत्येक रुपया कुठल्या तरी खात्यात जावा लागतो, तसंच. एखादा शब्द बिनकामाचा उरला तर दोनच शक्यता: उत्तर चुकलंय किंवा सूत्र घालणारा ढिला आहे. छापील कोड्यात आधी पहिलीच शक्यता धरा. दुसऱ्या दिवशीचं उत्तर बघून शिकायचं असेल तर तेही असंच शिकायचं, उत्तरावरून उलटं मागे येत. मी तर म्हणेन, पहिले काही दिवस सोडवूच नका. कालचं कोडं आणि आजचं उत्तर शेजारी ठेवा आणि नुसतं फोडत बसा.

इंग्रजीत जाल तेव्हा एक जास्तीचं ओझं आहे, ते पाठच करावं लागतं. ठरावीक शब्दांना ठरावीक अक्षरं. 'लव्ह' म्हणजे ओ, कारण टेनिसमध्ये लव्ह म्हणजे शून्य. दिशांची आद्याक्षरं, डॉक्टरचं डी-आर, कामगार म्हणून मुंगी. आणि 'फ्लॉवर' दिसलं की फूलच असेल असं नाही, 'फ्लो' होणारी ती फ्लॉवर, म्हणजे नदीही असू शकते. हे पहिल्यांदा कळलं की राग येतो. नंतर आपणच दुसऱ्याला असं फसवायला बघतो.

एक तुमच्यासाठी ठेवतो: "अर्ध्या भावामागे हत्ती, ताटात चटणीशेजारची (३)." सोलापूरचा माणूस विचारतोय म्हटल्यावर उत्तर तुम्हाला लगेच येईल. त्यामुळे उत्तर लिहू नका, त्यात हत्ती कुठे आहे ते लिहा.