हेज म्हणजे कुंपण, की हातचं राखणं?

तुमचा प्रश्न असा, की बंगल्याच्या जाहिरातीतलं हेज, बातम्यांतला हेज फंड आणि साहेबांनी तुमच्या मेलवर मारलेला 'हेजिंग नको' हा शेरा, यात शब्द एकच कसा? शब्द एकच आहे. मराठीत मात्र तो एका शब्दात मावत नाही.

मूळ अर्थ झाडाझुडपांचं जिवंत कुंपण. कोकणात त्याला नेमका शब्द आहे: वई. आमच्याकडे शेराची वई होती. फांदी मोडली की पांढरा चीक गळायचा आणि डोळ्यात गेला की आग आग. गुरं तिकडे फिरकत नसत. दगडी गडगा म्हणजे हेज नव्हे.

व्यापारात ही वई नुकसानीला घालतात. समजा, नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराला तीन महिन्यांनी ५०,००० युरो यायचे आहेत. तोवर युरो पडला तर? म्हणून तो आजच बँकेशी ९० रुपयांचा दर बांधून घेतो. युरो ८५ वर आला तरी त्याचे ४५ लाख पक्के. ९५ झाला तर वरचे अडीच लाख हुकले. हे दुसरं लोक विसरतात आणि मग बँकेला शिव्या घालतात. इथे सरळ 'हेजिंग'च लिहा, व्यापारीही तेच म्हणतात. मी एका भाषांतरात हेज फंडाला 'कुंपण निधी' लिहिलं होतं. संपादकांनी समासात नुसतं भलंमोठं प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं.

हेज फंड म्हणजे बड्या गुंतवणूकदारांचे पैसे बाजारात गुंतवणारा निधी. त्याची सुरुवात १९४९ची, अमेरिकेतल्या आल्फ्रेड विन्स्लो जोन्स यांची. चढतील असे शेअर घ्यायचे आणि पडतील असे उसने आणून विकायचे, पडल्यावर स्वस्तात घेऊन परत करायचे, म्हणजे सगळा बाजार कोसळला तरी निभावतं. पुढे नाव राहिलं, वई गेली. १९९८ मध्ये लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा फंड अफाट कर्जापायी बुडायला आला, तेव्हा बड्या बँकांनी पैसे ओतून सावरला. कुंपणानेच शेत खाल्लं!

आता साहेबांचा शेरा. तुम्ही लिहिलं होतं, 'काम बहुधा शुक्रवारपर्यंत व्हायला हरकत नसावी.' यातलं 'बहुधा' एक वई, 'हरकत नसावी' दुसरी. याला आपण हातचं राखून बोलणं म्हणतो. शोधनिबंधात 'असे दिसते' लिहिणं हा प्रामाणिकपणा, पण कामाच्या मेलमध्ये ती पळवाट वाटते. दोन्ही पक्षांना खूश ठेवणाऱ्या हेजिंगला तर 'दोन्ही डगरींवर हात' हा वाक्प्रचार तयारच आहे.

साहेबांना 'शुक्रवारी चारपर्यंत देतो' एवढंच कळवा.