आजोबांच्या दुनळीला बफिंग नको, आधी कागद शोधा

प्रश्न: सर नमस्कार, पन्हाळ्याकडच्या आमच्या गावात जुनं घर उतरवायला काढलंय, तिथं माळ्यावर गोणपाटात आणि आज्जीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली आजोबांची दुनळी बंदूक सापडली. बाहेर दोन घोडे आहेत, खालचा दांडा फिरवला की मोडून उघडते. नळीच्या तोंडात माझा अंगठा आरामात जातो आणि वजन पाच-सहा किलो तरी असेल. नळ्यांच्या बुडाशी खालच्या बाजूला मुकुट, त्याखाली एकमेकांवर तिरपे दोन दांडे आणि शंकरपाळीसारख्या चौकटीत 8 आकडा आहे. नळीवर तपकिरी थर चढलाय, भाऊ म्हणतोय उद्यमनगरात नेऊन बफिंग मारून आणूया, लख्ख होईल. आई दर खंडेनवमीला पूजा करायची म्हणतीय. काय करावं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: पहिलं म्हणजे भावाला आजच्या आज थांबवा, बाकी सगळं नंतर.

तुम्ही आकडा नीट बघितलात हे लै बरं केलंत, कारण त्या 8 मध्येच सगळं आहे. बोर म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या किती गोल गोळ्या केल्या की त्यातली एक नळीत बरोबर बसेल तो आकडा, म्हणून आकडा लहान तेवढी नळी मोठी. आपल्याकडं शेतावर राखणीला असते ती बारा बोर, तिची नळी साधारण 18.5 मिलीमीटर, तुमची आठ बोर म्हणजे 21.2 च्या आसपास आणि तिची एक गोळी जवळजवळ 57 ग्रॅमची. मोजायची असेल तर ओळखीच्या वर्कशॉपमधून व्हर्नियर घरी मागवून घ्या, बंदूक तिकडं नेऊ नका.

तिरपे दोन दांडे म्हणजे राजदंड, ती बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसची खूण. हे हाउस 1813 सालच्या कायद्यानं सुरू झालं, नळीत जादा दारू भरून उडवून बघायचे आणि टिकली तरच शिक्का मारायचे. शंकरपाळीची चौकट 1887 पासून आली आणि राजदंडाचे हे जुने शिक्के 1904 मध्ये बदलले, म्हणजे तुमची बंदूक या सतरा वर्षांतली. वरच्या पट्टीवर मुंबई-कलकत्त्याच्या एखाद्या दुकानाचं नाव दिसलं तर तोच कारागीर असं समजू नका, पुष्कळदा ते नुसते विकणारे असायचे.

आता नळीवर तिरप्या उजेडात बघा, इरकलीच्या काठावर असते तशी बारीक वळणाची नक्षी दिसतीय का. दिसली तर ती दमास्कस नळी, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, तापवून ठोकून एकजीव केलेली. तो तपकिरी थर बराचसा मुद्दाम चढवलेला असतो, त्यामुळंच नक्षी उठून दिसते. माझ्या मामांकडं अशीच एक होती, एका वर्कशॉपमध्ये बफ मारून आणली, स्टीलच्या ग्लासासारखी चमकायला लागली आणि नक्षी गेली ती गेलीच, शिक्केसुद्धा पुसट झाले. मला ते अजून डाचतंय म्हणून एवढं कळकळीनं सांगतोय.

आणि ही बंदूक उडवायची नाही, दिवाळीला एक बार म्हणून पण नाही. ती काळ्या दारूसाठी केलेली, आजच्या काडतुसाचा दाब वेगळा, शिवाय नळीच्या जोडात आतून गंज धरला असेल तर बाहेरून कळत नाही. नळी फाटली तर डावा हात जातो. हात लावण्याआधी दर वेळी उघडून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड बघा. रिकामा चापही ओढत बसू नका, आतल्या जुन्या पिना मोडतात.

कागदाचं मात्र टाळू नका. जुनी आहे, वापरात नाही म्हणून परवाना नको असं पुष्कळ जण समजतात पण शस्त्र कायदा 1959 मध्ये सूट आहे ती दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही अशाच जुन्या हत्याराला, आणि तुमची तर घोडे चढणारी दिसतीय. आजोबांच्या ट्रंकेत परवाना शोधा, संस्थान 1 मार्च 1949 ला विलीन झालं त्याच्या आधीचा दरबारी कागद असला तरी जपून ठेवा. मग वकिलाला घेऊन पोलीस ठाण्यात कळवा, तिथं किंवा परवानाधारक डीलरकडं जमा करा, पावती घ्या. वारस म्हणून परवान्याचा अर्ज कलेक्टर ऑफिसला करता येतो, त्याला बाकीच्या वारसांची ना हरकत लागेल, ती आत्ताच गोळा करा. परवाना मिळेपर्यंत बंदूक गाडीवर टाकून कुणाला दाखवायला फिरवायची नाही.

जमा करण्याआधी तेवढं एक करा. गोणपाट आणि लुगडं बाजूला काढा, दोन्ही ओल धरतात. मऊ सुती फडक्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे चार-पाच थेंब घेऊन लोखंडावर हलक्या हातानं फिरवा, जास्त झालं तर पुसून घ्या. खोबरेल नको, ते चिकट होऊन घाण धरतं. दस्त्याला जवसाचं तेल बोटानं चोळा, अगदी थोडं, आणि दिवसभर वाळू द्या. घामाचा हात लागला की पुन्हा पुसायचं. परवाना होऊन घरी आली की कुलुपात ठेवा, तोंड खाली करून, नाहीतर तेल उतरून दस्त्याचं लाकूड कुजतं. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या ओलीत पंधरा दिवसांतून एकदा उघडून बघायलाच पाहिजे.

आईंना सांगा, खंडेनवमीची पूजा जरूर करा पण बंदूक घरी रीतसर आल्यावर. फुलं ठेवा, हळदकुंकू पाटाला लावा, लोखंडाला नको. ओलं कुंकू आणि लिंबाचा रस नळीवर राहिला की दसऱ्यापर्यंत तिथं तांबडा ठिपका उमटलेला असतो.