आईची ओळख ‘स्वयंपाकाच्या मावशी’ अशी करून दिली

‘ताई, मी २७ वर्षांची, मूळची सांगलीची. एका मालिकेत नायिकेच्या नणंदेचं काम करते. बाबा लवकर गेले. आईनं लोकांच्या घरी चपात्या लाटून मला वाढवलं. सहा महिन्यांपूर्वी तिला गोरेगावला माझ्याकडे आणलं. एकदा कास्टिंगचे दोघं घरी आले होते. आई चहा घेऊन आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “या आमच्या स्वयंपाकाच्या मावशी.” आई काही बोलली नाही. रात्री कप विसळताना एवढंच म्हणाली, “साखर जास्त नव्हती ना गं झाली?” आता बेल वाजली की ती आपणहून आत जाते. मैत्रीण म्हणते, मनाला लावून घेऊ नकोस, मर्ल ओबेरॉननंही हेच केलं आणि केवढी मोठी झाली. रविवारी तेच दोघं पुन्हा येणार आहेत. तोवर आईला सांगलीला पाठवून देऊ का? – एक मुलगी’

बाळा,

मैत्रिणीनं नाव बरोबर सांगितलं, गोष्ट मात्र अर्धीच.

मर्ल ओबेरॉन ही ब्रिटिश नटी १९११ साली आपल्या मुंबईत, मिश्र वंशाच्या घरात जन्मली. आडनाव थॉम्पसन, घरात तिला क्वीनी म्हणत. वाढली कलकत्त्यात. तिथं टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली, हौशी नाटकांत कामं केली आणि विशी गाठायच्या आत युरोपला गेली. दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डानं १९३३ साली इंग्लंडचा राजा हेन्री आठवा याच्यावरच्या चित्रपटात तिला त्याच्या राणीचं, ॲन बोलिनचं, छोटंसं काम दिलं, आणि तिथून गाडी सुटली. ‘द डार्क एंजल’साठी ऑस्करचं नामांकन मिळालं. १९३९ मध्ये ‘वुदरिंग हाइट्स’ आला. त्यातली गंमत बघ. कथेत सावळा म्हणून हिणवला गेलेला हीथक्लिफ रंगवला गोऱ्या लॉरेन्स ऑलिव्हिएनं, आणि त्याची गोरी कॅथी झाली ही मुंबईत जन्मलेली पोर!

जगाला सांगितलं होतं की ती टास्मानियाची, होबार्टची. आणि लंडनच्या घरात सावळी शार्लट, जिला ती आई म्हणायची, पाहुण्यांसमोर मोलकरीण म्हणून वावरायची. (जन्माच्या नोंदीप्रमाणे शार्लट तिची आजी होती, आणि बहीण म्हणून वाढलेली कॉन्स्टन्स ही खरी आई. पण त्या गुंत्यात आपण शिरायला नको.)

मी मर्लला झोडपणार नाही. तेव्हाच्या हॉलिवूडच्या नियमांत गोऱ्या आणि काळ्या माणसांचं प्रेम पडद्यावर दाखवायला बंदी होती. हिंदुस्थानी माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व मिळण्याची वाट १९४६ साली उघडली. खरं सांगितलं असतं तर तिला नायिका कुणी केलं असतं? तिच्यापुढे भिंती होत्या. तुझ्यापुढे दोन माणसं आणि एक चहाचा ट्रे होता.

तरी तुझी भीती अगदीच हवेतली आहे असं मी म्हणणार नाही. ‘आई काय करते?’ हा प्रश्न आपल्याकडे साधा नसतो. उत्तर ऐकून समोरच्याच्या आवाजात होणारा फरक मी स्वतः ऐकलेला आहे.

आता उरलेली अर्धी गोष्ट. शार्लट १९३७ मध्ये वारली. त्यानंतर बारा वर्षांनी मर्लनं जुन्या फोटोवरून तिचं चित्र काढून घेतलं आणि त्यात तिचा रंग उजळ करायला लावला. ते चित्र घरात लावलं. या सगळ्या कहाणीत मला तेच चित्र छळतं. बाई जाऊन बारा वर्षं झालेली, तरी मर्लला तिला तिच्या रंगात भिंतीवर लावता आलं नाही. पुढे १९७८ साली होबार्ट शहरानं ‘आपल्या’ या लेकीचा सत्कार ठरवला, तर तिथं ती अस्वस्थ झाली आणि बरं नाही म्हणून लवकर निघून गेली. पुढच्याच वर्षी ती वारली. खरं काय ते १९८३ च्या चरित्रातून लोकांपुढे आलं.

तू एकदा बोललीस ते घाबरून, हे मी समजू शकते. पण सांगलीला पाठवणं हे ठरवून केलेलं असेल. आणि तुझी आई हूं की चूं न करता जाईल, याचीच मला भीती वाटते.

तेव्हा रविवारची वाट बघू नकोस, आज रात्रीच तिच्याशी बोल. फील्ड कसं असतं, लोक कसे असतात, हे पाल्हाळ नको. ‘आई, मी चुकले’ इतकंच म्हण. ती ‘असू दे गं’ म्हणेल. आपल्या आया ‘असू दे’ म्हणतात तेव्हा त्यांना फक्त विषय संपवायचा असतो. तिथं उठून जाऊ नकोस. लोक आले की बाहेर येऊन बसायला आवडेल का, हे तिला विचार. कदाचित ती नको म्हणेल. परक्या माणसांत बोलायला तिला अवघड वाटत असेल. मग आत बसू दे, पण तुझी आई म्हणून आत बसू दे.

त्या दोघांना सांगायला दोन वाक्यं पुरतील. ‘मागच्या वेळी मी चुकीची ओळख करून दिली. ही माझी आई.’ एखादं काम हातचं जाईल का? जाऊही शकतं, मी हमी देत नाही. ते ओशाळतील, विषय बदलतील, एवढंच होण्याची शक्यता मला जास्त वाटते.

आणि हो, याचं रील करायचं नाही. ‘चपात्या लाटणारी माझी आई’ म्हणून डोळ्यांत पाणी आणून सांगितलंस तर लाइक भरपूर मिळतील. पण मावशीचं काम तू तिला न विचारता दिलंस, तसंच हेही होईल.

रविवारी चहा तू कर. साखर किती घालायची ते मात्र तिला विचार.

– ताई